हात सैल सोडा, वहिनी

"अस्मिताशिवाय तिच्या ऑफिसातलं पान हलत नाही," असं वासंतीबाई आल्यागेल्याला सांगत. सदाशिव पेठेतल्या त्या घरात सुनेचं दमणंसुद्धा कौतुकाचा विषय होता. ती जेवताना मोबाइल बघते, झोपेतून दचकून उठते, उगाच छातीवर हात ठेवून उभी राहते, हे कुणाच्या नजरेत भरत नव्हतं. भरलं असतं तरी 'आजकाल टेन्शन कुणाला नाही?' हे उत्तर आपल्या सगळ्यांकडे तयार असतंच की!

गुरुवारी मात्र अस्मिताचं सगळंच बिनसलं. खराडीच्या ऑफिसात बड्या क्लायंटसमोर बोलताना तिची वाचाच बसली. सगळं पाठ होतं, पण तोंडातून शब्द फुटेना. नंतर तिचा साहेब गंधार शांतपणे म्हणाला, "सोमवारी परत मीटिंग आहे. या वेळी जमलं नाही, तर प्रोजेक्ट दुसऱ्या कुणाकडे द्यावं लागेल." तीन वर्षं तिनं ते प्रोजेक्ट पोटच्या पोरासारखं सांभाळलं होतं.

आज रविवार. नणंदेचं लग्न चार दिवसांवर आलेलं, म्हणून चुडा भरायला सुरय्याभाभी आल्या होत्या. या घरातल्या प्रत्येक लग्नात हिरव्या बांगड्या त्याच भरत. नणंदेचा चुडा झाला, वासंतीबाईंचा झाला आणि अस्मिता पुढे बसली. डावा हात भाभींच्या हातात, उजव्यात मोबाइल. साहेबाचा मेसेज आला, 'उद्याची तयारी झाली?' आणि कट्कन बांगडी फुटली. दुसरी चढवताना पुन्हा तेच. मनगटावर रक्ताचा थेंब आला.

"अगं बाई, लग्नघरात बांगडी वाढवली!" वासंतीबाईंचा चेहरा उतरला. "भाभी, माप चुकलं का हो?"

"माप बरोबर आहे. यांच्या लग्नात याच मापाच्या भरल्या होत्या मी. हात आवळलाय त्यांनी." भाभी अस्मिताकडे वळल्या. "वहिनी, तो मोबाइल ठेवा आणि हात माझ्याकडे द्या."

"दिलाय की!"

"नाही दिला. बोटं बघा तुमची."

अस्मितानं पाहिलं. मूठ गच्च वळलेली, नखं तळव्यात रुतलेली. कधी वळली, तिला कळलंही नव्हतं. एकाएकी तिला रडूच फुटलं, तेही चारचौघींत! "मला श्वास पुरत नाही हो, भाभी. उद्या परत तसंच झालं तर?"

भाभींनी घाई केली नाही. "आमचे हे दवाखान्यात होते, तेव्हा माझेही हात असेच आवळलेले असायचे. एका नवरीच्या सात बांगड्या फोडल्या मी. सासूबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, बांगडी चढवण्याआधी एक श्वास घे, सावकाश सोड, आणि हातातली तेवढीच बांगडी बघ. पुढचा डझन बघू नकोस. श्वास सोडताना हात आपोआप सैल पडतो. घ्या बघू."

"एवढ्यानं काळजी जाते?"

"काळजी कुठं जाते! बसेल शेजारी. बसू द्या. आपण आपली बांगडी भरायची."

अस्मितानं श्वास घेतला आणि सोडला. पण मन पोचलं थेट खराडीला.

"गेलं ना मन?"

"गेलं."

"आणा परत. त्याला रागावू नका मात्र."

तिसऱ्या श्वासाला काचेचा गारवा मनगटाला जाणवला. बांगडी अलगद आत गेली. मग दुसरी, तिसरी... आठही बांगड्या भरून झाल्या आणि एकही फुटली नाही!

सामान आवरताना भाभी वासंतीबाईंना म्हणाल्या, "झोप-भूक उडाली असेल तर डॉक्टरांनाही दाखवा. आमच्या सुनेला, मिसबाला, नेलं होतं आम्ही. तापाला नेतो, मग याला का नाही?"

वासंतीबाईंनी काचा गोळा केल्या. सुनेचा मोबाइल उचलून कपाटात ठेवला. "जेवणं होईपर्यंत ऑफिसातलं पान नाही हललं तरी चालेल." मग हळूच म्हणाल्या, "मी तुला मिरवत राहिले गं. विचारलं कधीच नाही."

सोमवारी खराडीत पडदा उजळला. समोर सहा चेहरे होते. टेबलाखाली मूठ वळली आणि बांगड्या किणकिणल्या. अस्मितानं खाली पाहिलं, बोटं एकेक करून उघडली, लांब श्वास सोडला. गंधार खाकरला.

"एक मिनिट द्या मला," ती म्हणाली. तीन वर्षांत हे वाक्य तिनं कधी उच्चारलं नव्हतं.

मग तिनं पहिला मुद्दा मांडला, फक्त पहिला. त्यानंतर दुसरा. दोनदा आवाज कापला, पण थांबला नाही. एका प्रश्नावर तिनं सरळ सांगितलं, "हे आत्ता मला माहीत नाही, उद्या कळवते." आणि आभाळ कोसळलं नाही! प्रोजेक्ट तिच्याकडेच राहिलं. डॉक्टरांची वेळ मात्र तिनं तरीही घेतली.

मंडळी, आपल्याही घरात एखादी मूठ अशीच आवळलेली असेल, कदाचित आपलीच. तिचं कौतुक करू नका, तिला हसण्यावारीही नेऊ नका. जवळ बसा, विचारा, सोबत एक श्वास सावकाश सोडा. त्याला ना डोंगरावर जावं लागतं, ना रजा काढावी लागते. आवळलेल्या हातात बांगडी चढत नाही, हे भाभींच्या सासूबाईंना ठाऊक होतं. आपल्याला कळायला अजून किती बांगड्या फुटायला हव्यात?