खिळ्यावरची चावी

या, असे पुढे सरका. मागे बसलं की गोष्टीतला अर्धा जीव वाऱ्यावर जातो. आज एका छपराची, एका यंत्राची आणि बोटभर लोखंडी चावीची गोष्ट सांगायची आहे. ऐकताना थोडी भीती वाटेल. वाटू द्या. देव आहे सोबतीला, आणि आपण एकमेकांना आहोत.

बाईनं इस्त्रीची पिन भिंतीतून उपसली, तार नीट गुंडाळली आणि मगच शिलाई मशीनचा दिवा लावला. दोन्ही एका वेळी चालवायची तिची छाती होत नसे. मागे एकदा तसं केलं तेव्हा फ्यूज उडाला होता. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक बटणाला ती परक्या कुत्र्याला हात लावावा तशी बिचकत हात लावायची.

पलीकडच्या खोलीतून आवाज येत होता. हुस्स, टक. हुस्स, टक. हवेतून ऑक्सिजन गाळून नळीवाटे नाकाशी पोचवणारं यंत्र नवऱ्याच्या पलंगाशी उभं होतं. नवऱ्यानं चाळीस वर्षं दगडावर लोकांची नावं कोरली. दारावरच्या पाट्या, इमारतींच्या कोनशिला, गेलेल्या माणसांचे दगडही. त्या दगडांचा चुरा छातीत जाऊन बसला तो कायमचा. आता यंत्र बंद पडलं तर दहा मिनिटांत ओठ निळे व्हायचे.

म्हणून बाई कापड शिवायची हातानं आणि घर ऐकायची कानानं. आवाज थांबला की लाइट गेली. लाइट गेली की धावायचं. कोपऱ्यात काळ्या अंगाचा ऑक्सिजनचा सिलिंडर उभा, वर खिळ्याला त्याची चावी. नळी इकडून काढायची, तिकडे बसवायची, चावी अर्धा वेढा फिरवायची. सगळं पाठ होतं, तरी दर वेळी तिची पाचावर धारण बसे. त्या वस्तीत लाइट कधी जाईल याचा काही नेम नव्हता.

जावई समोरच्या टेबलावर सोलर पॅनलचं माहितीपत्रक पसरून बसला होता. तो ग्रंथालयात पुस्तकांना क्रमांक लावायचा, आणि ती सवय त्यानं सासरीही आणली होती. सासूच्या मिठाच्या बरणीवरसुद्धा त्यानं ‘मीठ’ अशी चिठ्ठी डकवली होती. ‘नाहीतर आम्ही साखर समजून खाल्लं असतं,’ असं सासरा त्यावर म्हणाला होता.

“आई, हे बघा. प्रत्येक पॅनलच्या पाठीला स्वतःचा छोटा इन्व्हर्टर, उन्हाची वीज घरात चालेल अशी करून देणारा. कारखान्यातूनच बसवून येतो. मायक्रोइन्व्हर्टर म्हणतात. जिन्याखाली मोठी पेटी नको, भिंतीतून धोक्याच्या जाड तारा नकोत. एका पॅनलवर सावली आली तरी बाकीचे आपापलं काम करत राहतात.”

“आणि दुपारी लाइट गेली तर?”

“दुपारी ऊन असतं की!” जावई हसला. “सूर्य थोडाच जातो?”

आतून दम घेत घेत आवाज आला. “जावईबापू... सूर्याला... सही करायला... बोलावलंत का?”

बाई हसली. पण डोळे त्या चित्रावरून हलेनात. निळं छप्पर, स्वच्छ ऊन, खाली हसरं कुटुंब. भ्यालेल्या माणसाला कुणी दार दाखवलं, तर ते खरं आहे की भिंतीवर रंगवलेलं, हे तो ठोकून बघत नाही. सोमवारी पॅनल लागणार होते, आणि सोमवारीच सिलिंडर परत जाणार होता. तो कोपरा रिकामा झाला की तिथं काय ठेवायचं, हेही तिनं मनाशी ठरवलं होतं. तिथं काहीच ठेवायचं नव्हतं.

सव्वाअकराला तारवाला आला. पॅनल बसवण्याचं काम त्याचं. सगळे त्याला तारवालाच म्हणत. पन्नाशीचा, अंगानं काटक, बोलायला कंजूस. कमरेला टेस्टर, पक्कड आणि चाव्यांचा हा एवढा जुडगा. चपला बाहेर काढून तो सरळ शिडीनं छपरावर गेला. वर टेप ओढल्याचा, पावलांचा आवाज येत राहिला. जावई शिडीखाली मान वर करून उभा.

“काय हो, बसतील ना?”

“बसतील की.” वरून उत्तर आलं. “टाकीची सावली अकरापर्यंत, मग त्या झाडाची तीननंतर. अशा छपराला हेच बरे. एक झोपला तर बाकीचे झोपत नाहीत.”

जावयानं बाईकडे असं पाहिलं, जणू परीक्षेचा निकालच लागला. बाईच्या छातीवरचं ओझं किंचित हललं.

मग तारवाला मीटर आणि फ्यूज बघायला खाली आला. फ्यूजची पेटी नवऱ्याच्या खोलीत होती. उंबरा ओलांडताच तो थबकला. हुस्स, टक. त्यानं यंत्राकडे पाहिलं, नळीकडे पाहिलं, नळी जिथं संपत होती त्या चेहऱ्याकडे पाहिलं. पेटी उघडायला उचललेला हात तसाच खाली आला.

“हे दिवसभर चालतं?”

“रात्रंदिवस,” बाई म्हणाली.

“पॅनल ह्याच्यासाठी लावताय?”

“मग कशासाठी? लाइट गेली तरी चालेल ना हे?”

तारवाल्यानं खिशातला रुमाल काढून कोरडेच हात पुसले.

“नाही ताई. नाही चालणार.”

“अहो, असं कसं?” जावई आत आला. “भर उन्हात?”

“भर उन्हातच सांगतोय.” त्याचा आवाज चढला नाही. “हे पॅनल म्हणजे मागे उभं राहून साथ करणारे. पुढचा गाणारा कोण, तर रस्त्यावरची तार. तिचा सूर ऐकून हे सूर लावतात. ती गप्प झाली की क्षणात हेही गप्प. मुद्दाम तसं केलेलं असतं. नाहीतर तार दुरुस्त करायला खांबावर चढलेल्या माणसाला ह्यांचाच झटका बसेल.”

“पण माहितीपत्रकात तर...”

“माहितीपत्रकात खोटं नाही काही. तुम्ही जे विचारलं नाही, ते लिहिलेलं नाही एवढंच. लाइट गेल्यावर चालवायचं तर बॅटरी लागते, आणि ह्यांना सांभाळून घेणारा वेगळा इन्व्हर्टर लागतो. ते आधी. पॅनल मागाहून लावा.” मग बाईकडे वळून तो म्हणाला, “तुमच्या घराला चांगलेच आहेत हे, ताई. तुमच्या भीतीला नाही उपयोगाचे.”

नवरा उशीवरून म्हणाला, “बघा... आडातच नाही... तर पोहऱ्यात...” वाक्य त्याला पुरं करता आलं नाही. कुणी हसलंही नाही.

तारवाला टेप आणायला पुन्हा वर गेला. जावई माहितीपत्रक हातात घेऊन त्याच्या मागोमाग, पायरी पायरीला काही विचारत. बाई खोलीतच उभी राहिली. तिला रडू येत नव्हतं. रंगवलेल्या दारावर डोकं आपटावं तसं झालं होतं, आणि अजून दुखायला सुरुवात व्हायची होती.

हुस्स.

टक आलाच नाही.

पंखा मंदावत थांबला. मग यंत्राची ती बारीक, चिरकी शिट्टी सुरू झाली. खिडकीबाहेर ऊन असं पडलं होतं, की समोरच्या भिंतीकडे बघवेना.

बाईचे हात आपोआप चालू लागले. नळी काढली. सिलिंडरच्या तोंडाला बसवली. डावा हात वर गेला, खिळ्यावर.

खिळा रिकामा होता.

तिनं खिळा चाचपला. खाली पाहिलं, सिलिंडरमागे पाहिलं, पलंगाखाली हात घातला. पुन्हा खिळा चाचपला, जसं काही मघाशी नसलेली चावी आता तिथं येईल.

“चावी!” तिला स्वतःचा आवाज ओळखू येईना. “अहो, चावी कुठाय?”

खिडकीबाहेर शिडीवरून जावयाचं तोंड दिसलं, पांढरं पडलेलं.

“पाकिटात घातली मी! परत करायची म्हणून, कागदांबरोबर... गाडीत आहे!”

गाडी गल्लीच्या टोकाला होती. तो शिडीवरून जवळजवळ पडतच उतरला आणि अनवाणी पळत सुटला.

नवऱ्याच्या बोटाला लावलेलं ऑक्सिजनचं मीटर एक्क्याण्णव दाखवत होतं. नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत आज थट्टा नव्हती. बाईनं सिलिंडरचा, चावी बसायचा चौकोनी दांडा बोटांनी पिरगाळला. हलला नाही. टेबलावरची कापड कापायची कात्री आणली, तिची पाती दांड्याला लावून जोर केला. कात्री सटकली, तळहात फाटला. सत्त्याऐंशी. नवऱ्याचे खांदे श्वासाबरोबर वर उचलले जाऊ लागले, विहिरीतून जड घागर ओढावी तसे. रक्तानं कात्री निसटायला लागली. देवा, तिच्या तोंडून एवढंच येत होतं, देवा, देवा, आणि पुढचा शब्दच नाही. चौऱ्याऐंशी.

“सरा.”

तारवाला तिच्या शेजारी गुडघ्यावर होता. कमरेचा जुडगा त्याच्या मुठीत. त्यानं चाव्या चाळल्या नाहीत, खाली पाहिलंही नाही. अंगठ्यानं एकच बाजूला केली, दांड्यावर बसवली आणि फिरवली.

सिलिंडर फुसफुसला. त्याला जोडलेल्या बाटलीतल्या पाण्यात बुडबुडे उठले. त्यानं नळी नवऱ्याच्या नाकाशी सारखी केली, मग मनगट धरून, मीटरकडे नव्हे तर ओठांकडे बघत बसून राहिला. तो काहीतरी पुटपुटत होता. बाईला वाटलं, नामस्मरण करतोय. जवळ वाकली तेव्हा कळलं, तो श्वास मोजत होता.

पंच्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी. नव्वदवर मीटर जरा रेंगाळलं आणि मग पुढे गेलं.

“हं,” नवरा म्हणाला. मग, “दगडावर... माझं नाव... मीच कोरणार होतो... म्हणून थांबलो.”

“गप्प बसा हो तुम्ही,” बाई म्हणाली, आणि आता तिला रडू फुटलं.

जावई दारात आला. पाय मातीनं भरलेले, छाती भात्यासारखी. हातात पाकीट, त्यावर त्याच्या सुरेख अक्षरात चिठ्ठी: ‘सिलिंडर. चावी, एक नग.’ त्यानं आत पाहिलं, आणि ते पाकीट कुठं ठेवावं हे त्याला कळेना. शेवटी तो तिथंच भिंतीशी खाली बसला.

“बसू द्या त्यांना जरा,” तारवाला बाईला हळूच म्हणाला. “पळून आलेत. पाणी द्या. तुमचा हातही धुवा.”

बाई पाणी घेऊन आली, तळहाताला फडकं गुंडाळून. तोवर त्यानं जुडग्यातून ती चावी सोडवली होती. पिशवीतून तांब्याच्या तारेचा तुकडा काढून तो तिला सिलिंडरच्या मानेशी बांधत होता. चार वेढे, मग पीळ, मग पकडीनं टोक आत वळवलं, कुणाच्या बोटाला लागू नये म्हणून. ओढून बघितलं. पुन्हा ओढून बघितलं.

“खिळ्यावर नका ठेवत जाऊ,” तो म्हणाला. “खिळ्यावरून जाते कुठंतरी. इथंच असू द्या.”

“अहो, पण ही तुमची आहे. आमची आली की आता.”

“असू द्या.”

“तुम्हाला लागेल ना?”

“नाही लागत आता.”

बाईनं त्याच्याकडे पाहिलं. तारांची कामं करणारा माणूस. टेस्टर, पक्कड, घराच्या, कुलपांच्या चाव्या. आणि त्यांच्यात ही, जी न बघता त्याच्या अंगठ्याला सापडली.

“घरी कोण...” तिनं विचारायला सुरुवात केली आणि थांबली.

तो पिशवीची चेन लावत होता. चेन अडकली होती. त्यानं ती मागे घेतली, पुन्हा ओढली.

“आमच्या छपरावर आठ पॅनल आहेत,” तो म्हणाला. “असलेच. मीच बसवले.” मग उठताना, खिडकीकडे बघत, “त्या दिवशी ऊनही छान होतं.”

चपला घालून तो गेला. दीड वाजता लाइट आली. हुस्स, टक. बाईनं सिलिंडर बंद केला. चावी तारेला लोंबत होती, किंचित हलत.

जावयानं माहितीपत्रकाची घडी घातली. “आई, आधी बॅटरीचं बघतो,” तो म्हणाला. “आणि सिलिंडर राहू द्या.” बाईनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, फडकं बांधलेलाच.

उन्हं उतरली तेव्हा नवरा म्हणाला, “नाव... विचारलंस का?”

“कुणाचं? तारवाल्याचं?”

त्यानं मान हलवली. नाही. त्याचं नाही.

“नाही हो,” बाई म्हणाली. “विचारवलं नाही.”

“विचारायचं होतंस,” तो म्हणाला, आणि त्याची उजव्या हाताची बोटं चादरीवर हळूहळू हलत राहिली, छिन्नी धरल्यासारखी.

तर मायबाप, गोष्ट एवढीच. आता उठताना एक मागणं आहे. तुमच्याकडे कधी भर उन्हात लाइट जाईल, पंखा थांबेल, घर एकदम गप्प होईल. त्या वेळी घटकाभर डोळे मिटा आणि तारवाल्याच्या घरातल्या त्या माणसाची आठवण काढा. ती त्याची बायको होती, आई होती की लेक, मला ठाऊक नाही. नाव तर आपल्यापैकी कुणालाच ठाऊक नाही. पण ज्या देवानं श्वास दिला, त्याला ते ठाऊक आहे. तुम्ही नुसती आठवण काढा. तो ती बरोबर पोचवील.