कपाच्या बुडाची धार

आमच्या कारखान्यात कोणतं पोलाद वापरायचं हे आई ठरवायची. तिला मात्र तसं कुणी कधी विचारलं नव्हतं.

बाबा खिशात मावणारे घडीचे चाकू करतात. स्वस्तातले, रोजच्या कामाचे. माळी, हमाल, गोदामात खोकी फोडणाऱ्या बायका, हे आमचं गिऱ्हाईक. नवं पोलाद आलं की बाबा एक नमुना करून आईला देत. तिने तो महिनाभर वापरायचा, फळं सोलायची, सुतळी कापायची, पण धार लावायची नाही. महिना भरला की बाबा वर्तमानपत्राचा कागद उभा धरून त्यावर पातं ओढत. सरळ कापला तर पोलाद पास, फाटला तर नापास. गंमत म्हणजे महागडी पोलादं हमखास नापास व्हायची. भाव मोठा म्हणून गुण मोठा नसतो, असं बाबा येईल त्याला ऐकवत. आई बाजूला उभी राहून हात पुसत असे.

दोन महिन्यांपूर्वी आई गेली. त्याच सुमारास आमचं जुनं पोलाद बाजारातून बंद झालं. व्यापाऱ्याने दोन नमुने पाठवले, एक साधं, गंजणारं, दुसरं न गंजणारं, कठीण, किंचित महाग. बाबांनी दोन्हींचे चाकू केले आणि खणात टाकले. वापरणारी गेली, म्हणाले, आता कोण सांगणार? दादाने महिनाभर वापरतो म्हटलं, तर त्याचा हात जड ठरला. माझा हात तर बाबांच्या विचारातही नव्हता, आणि इथे कारखान्यात पाती घासून घासून माझी बोटं झिजलीत. भट्टी थंड पडली. बाबा दिवसभर तिच्यासमोर स्टुलावर बसून राहत. शनिवारपर्यंत उत्तर दिलं नाही तर व्यापारी माल दुसऱ्याला देणार होता. पण मला भीती मालाची नव्हती, स्टुलावरच्या माणसाची होती.

शुक्रवारी मी स्वयंपाकघर आवरायला काढलं. मागच्या फळीवर कान तुटलेला एक चिनी मातीचा कप होता. धुवायला उपडा केला, तर बुडाची खरखरीत कड काळ्या-करड्या ओरखड्यांनी भरलेली. अशा खुणा मी रोज बघते. पोलाद घासल्याशिवाय त्या उमटत नाहीत.

म्हणजे आई धार लावत होती. तीस वर्षं.

हे बाबांना सांगावं की नाही, यावर मी तासभर स्वतःशीच भांडले. सांगितलं तर त्यांच्या परीक्षेचं मातेरं होणार, नाही सांगितलं तर ते त्या स्टुलावरच संपणार. शेवटी माझ्या स्वभावाप्रमाणे रागातच गेले आणि कप त्यांच्यासमोर ठेवला.

बाबांनी कडेवरून अंगठा फिरवला. त्यांना सांगावं लागलं नाही. कप उजेडाकडे धरला. मग म्हणाले, "तिने मला फसवलं."

"बोथट चाकूने महिनाभर स्वयंपाक करून बघा," मी म्हटलं.

"मग बोलली का नाही?"

"तुम्ही कधी विचारलंत? तुम्ही कागदाला विचारत होतात."

बोलले आणि मला रडू फुटलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. उठून त्यांनी खणातले दोन्ही चाकू काढले, विटेवर घासून बोथट केले आणि कप उपडा धरला. साध्या पोलादाला दहा-बारा हातांतच धार आली. कागद सरळ कापला. कठीण पातं त्यांनी घाम येईपर्यंत घासलं, तरी कागद फाटतच राहिला. महागडी पोलादं का नापास व्हायची ते मला तेव्हा कळलं. त्यांनाही कळलं असावं, कारण त्यांचे हात थांबले. आमच्या गिऱ्हाइकांच्या घरीही धारेचा दगड नसतो, कपच असतो.

"साधंच घ्यायचं," ते दारात येऊन उभ्या राहिलेल्या दादाला म्हणाले. "गिऱ्हाइकाला पुसून ठेवा म्हणावं, गंजणार नाही."

दादा व्यापाऱ्याकडे गेला. बाबांनी भट्टी पेटवली. मग साधा चाकू मिटून माझ्या हातात दिला. महिनाभर वापरायचा, हे मला माहीत होतं. मी धार लावणार नाही, असं सांगायला तोंड उघडलं.

"लाव धार, हवी तेव्हा लाव," बाबा म्हणाले. "पण रोज संध्याकाळी मला सांग, कसा चालला ते. मी विचारीन."

त्या संध्याकाळी त्यांनी विचारलं. माझं सांगून झाल्यावरही ते स्वयंपाकघराकडे बघत, अजून कुणाचं तरी ऐकायचं असल्यासारखे बसून राहिले.