एक्केचाळिसावा जोड

काटा नखभर खाली आला. पाइपांत दाबाने पाणी भरून पंप बंद केल्यावर पंधरा मिनिटं तो जागचा हलता कामा नये, आणि तो सहाव्याच मिनिटाला हलला. मुख्य प्लंबर ग्रॅहमने लोकरी टोपी मागे सरकवून डायलवर टिचकी मारली, तसा काटा आणखी थोडा उतरला.

घरभर मिळून शहाण्णव जोड होते आणि त्यातला एक तरी गळत होता. ग्रॅहमने गुरुनाथकडे पाहिलं. त्या बघण्याचा अर्थ लावायला इंग्रजी यावं लागत नव्हतं.

ख्राइस्टचर्चच्या पूर्वेकडच्या गल्लीत हे घर नव्याने उभं राहत होतं. आधीचं भूकंपात खचलं, त्याला चार वर्षं झाली. मालक म्हातारा-म्हातारी तेव्हापासून मुलीच्या गॅरेजात राहत होते. आता लाकडी सांगाडा तयार होता, पाइप घालून झाले होते, आणि दुपारी दोनला भिंतींना तक्ते लावणारे येणार होते. त्याआधी चाचणी पार पडायला हवी होती.

गुरुनाथचं तर सगळंच या चाचणीवर अडलं होतं. घर कोरडं निघालं तर ग्रॅहम त्याच्या परवान्याच्या कागदावर सही करणार होता. मग ग्रॅहमच्या देखरेखीखाली का होईना, पण गुरुनाथ कागदोपत्री प्लंबर होणार होता. नाही निघालं, तर पुन्हा ट्रकमधून पाइप उतरवून द्यायचे.

पुण्यात पंचवीस वर्षं त्याने लोखंडी पाइपांना आटे पाडले, आट्यांवर सूत गुंडाळलं, वर सफेदा फासला आणि पान्हा लावून जोड आवळले. कोथरूडमध्ये अशा इमारती आहेत, ज्यांचा रंग उडाला पण गुरुनाथचा जोड हलला नाही. मग सुनेत्राला इथल्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली आणि पंचेचाळिसाव्या वर्षी हा गडी विमानातून उतरला तो 'सुनेत्राचा नवरा' होऊन. मराठी मंडळींच्या गणपतीत कोणी विचारलं, आपण काय करता, की तो प्रसादाच्या ताटाकडे वळायचा. त्याला ते फार लागायचं.

इथले जोड बघून तो पहिल्या दिवशी हसलाच होता. प्लास्टिकचा एक तुकडा, आत दातेरी कडं आणि त्यामागे रबराचं कडं. पाइप खुपसायचा, झाला जोड. ज्याला आवळताना घाम येत नाही तो जोड कसला, असं म्हणून त्याने पाइपाच्या टोकाला पांढऱ्या टेपचे चार वेढे घातले आणि मग खुपसला. पाणी सोडल्यावर कारंजं उडालं. ग्रॅहम ओरडला असता तर परवडलं असतं. त्याने शांतपणे दीड महिना गुरुनाथला पाइप वाहायला लावलं.

त्या दीड महिन्यात गुरुनाथ मुरलेला हात बाजूला ठेवून नव्याने शिकला. पाइप सरळ कापायचा, कड घासायची, किती आत जाणार ते मापून तिथे पेन्सिलीने रेघ मारायची, रेघ जोडाच्या तोंडाला टेकेपर्यंत दाबायचं, मग उलटं ओढून बघायचं. ग्रॅहम स्वतः रेघ मारत नसे. तीस वर्षांच्या हाताला अंदाज होता. गुरुनाथ मात्र रेघही मारी आणि शेजारी मराठी आकड्यांत जोडाचा नंबरही टाकी. लागेल म्हणून पुण्याहून आणलेली सुताची लड इथे निरुपयोगी ठरली होती. तिचाच एक धागा तोडून त्याने पेन्सिल कमरपट्ट्याला बांधली होती.

ग्रॅहम बाथरूमकडे वळला आणि आपले जोड एकेक करून बोटांनी चाचपू लागला. गुरुनाथने विजेरी घेतली. स्वयंपाकघर आणि कपडे धुण्याची खोली मिळून बावन्न जोड त्याचे होते. १, २, ३... रेघ तोंडाला टेकलेली असली की पुढचा. चाळीसपर्यंत सगळं ठाकठीक होतं. एक्केचाळिसावा वॉशिंग मशीनच्या नळामागे दोन खांबांच्या सांदीत होता. तिथे त्याने मान वाकडी करून विजेरी मारली. रेघ तोंडापासून अर्धं बोट बाहेर होती आणि खाली एक थेंब लटकत होता.

मागून समीर आला. समीर बिल्डरकडचा इंजिनिअर, पुण्याचाच. त्यानेच शब्द टाकून गुरुनाथला हे काम मिळवून दिलं होतं. त्याने थेंब पाहिला आणि आवाज खाली आणला.

"काका, मी ग्रॅहमला ट्रककडे नेतो. तुम्ही प्रेशर सोडा, पाइप दाबा, परत पंप मारा. त्याला वाटेल डायलच खराब होता."

गुरुनाथने बोटाने थेंब टिपला. तिथे लगेच दुसरा जमू लागला.

"दाबल्यावर गळेल का परत?" समीरने विचारलं.

"नाही गळणार."

"मग? दोन मिनिटांचं काम आहे, काका. सही होईल. काकूंना फोन करा, संपला विषय."

समीरच्या मनात वाईट नव्हतं, आणि गुरुनाथला मोह झाला नाही असंही नाही. चांगला झाला. हात पाइपापर्यंत गेलासुद्धा. पण भिंतीपलीकडून ग्रॅहमच्या बुटांचा आवाज येत होता. तो गुडघ्यांवर बसून एकेक जोड तपासत पुढे सरकत होता.

"तो तिकडे स्वतःचे जोड चाचपतोय, समीर. त्याला गुडघ्यावर बसवून मी इथे गुपचूप दाबू?" गुरुनाथ म्हणाला. "मग मी काय डोंबलाचा प्लंबर?"

आणि त्याने हाक मारली. "ग्रॅहम. हियर. माय जॉइंट."

ग्रॅहम आला, वाकला आणि त्याने विजेरीच्या उजेडात रेघ बघितली. असं का झालं, एवढंच त्याने विचारलं. गुरुनाथने निम्मं इंग्रजीत आणि निम्मं हातांनी सांगितलं. लोखंडी पाइप आवळताना हाताला घट्ट लागलं की थांबायचं, अर्धा फेरा जास्त दिला तर सॉकेट तडकतं. इथे पहिलं घट्ट लागतं ते नुसतं दातेरी कडं. पाणी अडवणारं रबर त्याच्याही आत असतं. एरवी तो रेघेवर नजर ठेवून दाबायचा. या सांदीत डोकं शिरेना, रेघ दिसेना, म्हणून हातावर विसंबला. आणि हात पुण्याचा, जुन्या सवयीने थांबला.

रेघेशेजारच्या खुणेवर बोट ठेवून हे काय म्हणून ग्रॅहमने विचारलं.

"फोर्टी-वन."

सगळ्यांवर आहेत का? आहेत, बावन्नच्या बावन्न. ग्रॅहमने घड्याळात पाहिलं आणि तो मोठ्याने हसला. मागच्या घरात असाच एक थेंब शोधायला त्याला दोन दिवस लागले होते, लावलेल्या भिंती फोडाव्या लागल्या होत्या. इथे सात मिनिटं. चुकत सगळेच असतात, तो म्हणाला, पण चूक सापडेल असं काम करणारा त्याला तीस वर्षांत दुसरा भेटला नव्हता.

प्रेशर सोडलं. ग्रॅहम बाजूला झाला आणि त्याने गुरुनाथला जागा दिली. समीरने सांदीत आरसा धरला. गुरुनाथने पाइप दाबला, पहिलं घट्ट लागलं, त्याने आणखी जोर लावला, आणि रेघ तोंडाला जाऊन टेकली. त्याने उलटं ओढून पाहिलं. मग उरलेले अकरा तपासले आणि पंप मारला.

सहावं मिनिट गेलं. दहावं गेलं. समीर नखं खात होता. पंधरा मिनिटं झाली तरी काटा हलला नव्हता. ग्रॅहमने आणखी पाच मिनिटं मुद्दाम जाऊ दिली, तरी तो हलला नाही. "स्वीट अ‍ॅज," म्हणजे एकदम झकास, असं म्हणून त्याने कागद लाकडी खांबावर धरला आणि सही ठोकली. गुरुनाथला रडू येईल असं वाटलं, म्हणून तो हत्यारं आवरायला लागला.

पण ग्रॅहमचं संपलं नव्हतं. पुढच्या घरापासून आपल्याही जोडांवर रेघ मारायची, असं त्याने जाहीर केलं आणि कमरेला लटकवायला तशीच पेन्सिल मागितली. गुरुनाथने पिशवीच्या तळातून सुताची लड काढली. आट्यांवर गुंडाळायचा तसा, उजवीकडून, एकावर एक चढू न देता, त्याने पेन्सिलीवर धागा गुंडाळला आणि ग्रॅहमच्या पट्ट्याला बांधला. ग्रॅहमने ओढून बघितलं. ती गाठ सुटणार नव्हती.

दोन वाजता तक्तेवाले आले. कपडे धुण्याच्या खोलीत एकट्या माणसाला तक्ता आवरेना, तेव्हा त्याने जवळच्या गुरुनाथला हात लावायला सांगितलं आणि सहज विचारलं, तू कोण इथला?

"प्लंबर," गुरुनाथ म्हणाला.

त्याने तक्ता दोन्ही हातांनी दाबून धरला. खालून वर स्क्रू बसत गेले, आणि सांदीतला ४१ हळूहळू झाकला गेला.