आजीपाशी रा

“जा, जा, धबधबा पाहून या! आन् इकडं ढग फुटून कापूस भिजला, तं त्याच धबधब्यात धुऊन आना त्याले!”

द्वारकाबाई पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या, तासात वाकल्या वाकल्या ओरडली. बुडीची कंबर केव्हाच सरळ व्हायची विसरली होती, पण आवाज असा, की शेजारच्या वावरातले बगळे उडून जावेत.

“आत्या, तुमीबी चला ना,” ओटीतला कापूस दाबत सून रंजीता म्हणाली.

“मी? वरून पानी पडते ते पाहाले जाऊ? ते तं माह्या घरात पावसाळाभर पडते. इकडं घमेलं लावा, तिकडं बादली लावा. कोनाले पाहाचं असंल तं या म्हना!”

दोन ओळींपलीकडं वेचणारी रंजीताची थोरली लेक मैत्री खो खो हसत सुटली. दहावीतली पोरगी, रविवारची वेचायला आलेली. हात कमी आणि तोंड जास्त चालायचं तिचं. रंजीता मात्र हसली नाही. काळ्या मातीत पाय रुतवून ती उभी राहिली. मातीवर दव होतं, चपलेच्या तळाला माती चिकटून पाय जड झाले होते, आणि त्याहून जड तिचं मन.

“पुढच्या रविवारी जाऊनच राह्यलो आमी,” ती म्हणाली. “कापूस भिजो नाई तं वाळो. मले माह्या पोरीसंगं एक दिवस पायजे.”

पोरगी म्हणजे धाकटी. नाव प्रगती, पण सगळे चिमी म्हणायचे.

आता यात एवढं काय, असं तुम्हाला वाटेल. पण रंजीताचं दुखणं वेगळंच होतं. ती पैनगंगेच्या पल्याडची, यवतमाळकडची. तेलंगणातल्या तामसीजवळच्या ह्या गावात नांदायला आली, थोरली मैत्री झाली, मोठी झाली, तरी तेलुगू काही रंजीताच्या जिभेवर बसली नाही. घरात मराठी, वावरात मराठी, विहारात मराठी. अडलं कुठं? अडलं ते चिमी अंगणवाडीत जायला लागल्यावर. दिवसभर माय वावरात आणि पोर तिकडं. चार पोरांत खेळून पोरीनं तेलुगू अशी उचलली, की संध्याकाळी घरी येऊन ती मायच्या मांडीवर बसून तासन्तास काय काय सांगायची, आणि रंजीता नुसतं “हो माय, हो माय” म्हणत राहायची. कळायचं काहीच नाही.

एकदा पोर पोट धरून रडत होती. “कडुपु! कडुपु!” रंजीताला वाटलं, तोंड कडू झालं. तिनं गुळाचा खडा भरवला. पोर आणखी रडली. हिनं आणखी गूळ दिला. शाळेतून मैत्री आली तेव्हा तिनं कपाळाला हात लावला. “आई, कडुपु म्हंजे पोट! पोट दुखते म्हनून राह्यली ते!”

त्या दिवशी रंजीता चुलीमागं जाऊन रडली. स्वतःच्या पोटची पोर, आणि तिचं पोट दुखतं हे तिसऱ्यानं सांगावं?

घरच्यांना मात्र चिमीची मजा वाटायची. जेवणाची ताटं मांडली की ती दोन्ही हातांची घडी छातीवर घालून ताठ बसायची आणि कुणी काही दिल्याशिवाय हलायची नाही. मैत्री अंगणवाडीच्या टीचरम्मांची नक्कल करायची. “रा पापा! कूसो! चेतुलु कट्टुको! गुड्डु तिनु!” आणि चिमी खिदळत येऊन हाताची घडी घालून बसायची.

“गुड्डु काय वो?” रंजीतानं एकदा विचारलं.

“अंडं. अंगणवाडीत रोज अंडं देते ना टीचरम्मा. हात बांधून बसलं तरच भेटते.”

“वा रे न्याव!” तिचा बाप मारोती म्हणाला. “पप्पा मी, आन् अंडं हिले!”

सगळे हसले. रंजीताला तेवढा एक शब्द लक्षात राहिला. गुड्डु. कारण चिमी झोपेतसुद्धा तो बोलायची.

तर पुढच्या रविवारी निघाले एकदाचे. मारोतीनं चुलतभावाचा ऑटो मागून आणला. द्वारकाबाई “नाई येत, नाई येत” म्हणत सगळ्यांच्या आधी ऑटोत जाऊन बसली, पदरात भाकरी-ठेच्याचं गाठोडं घेऊन. आभाळ राखेसारखं झालं होतं. आदिलाबादची थंडी ती, कान कापून नेणारी. चिमीच्या डोक्याला रंजीतानं लाल टोपी घातली, मांडीवर घट्ट धरलं आणि कानाशी बोलत राहिली. “ते पाह्य बैल. ते पाह्य ट्रक. म्हन, ट्रक.” चिमी म्हणाली, “लारी.” रंजीता म्हणाली, “बरं माय, लारी.” तेवढ्यानंही तिला बरं वाटलं.

इचोड्यात शिरता शिरता मागचं चाक फुस्स झालं.

“घ्या! आला धबधबा,” द्वारकाबाई म्हणाली.

मारोतीनं सगळ्यांना रस्त्याकडेच्या एका धाब्यासमोर बाकावर बसवलं आणि ऑटो ढकलत पंक्चरच्या दुकानाकडं गेला. बाजाराचा दिवस होता. समोर हैदराबाद-नागपूरचा मोठा रस्ता, ट्रकामागं ट्रक, मधे कण्हेर लावलेला दुभाजक. मैत्री शेजारच्या दुकानात क्लिपा पाहायला घुसली. चिमीला तहान लागली. “नीळ्ळु,” ती म्हणाली, आणि हा शब्द रंजीताला माहीत होता! ती एवढी हरखली की बाटली घेऊन लगेच उठली.

“मी पानी आनते हं. तू आजीपाशी रा.”

आणि ती बाजाराच्या गल्लीत नळाकडं गेली.

बाटली भरून परत आली तर बाकावर द्वारकाबाई एकटीच, सुपारी कातरत.

“आत्या, चिमी कुठी हाय?”

“कुठी म्हंजे? तुह्यामागंच तं पळाली! ‘वस्तुन्ना, वस्तुन्ना’, येते येते म्हनत. मले वाटलं तूच बोलावलं तिले.”

“मी नाई बोलावलं! मी तं इथंच रा म्हनलं!”

बाटली हातातून सुटली. द्वारकाबाईच्या हातून अडकित्ता खाली पडला.

मग जे सुरू झालं ते कुणाच्या वैऱ्यावरही येऊ नये. रंजीता गल्लीत धावली. कांद्याचे ढीग, मिरच्यांची पोती, भज्यांची उकळती कढई, कोंबड्यांचे पिंजरे. प्रत्येक लाल रंगाकडं ती झेपावत होती. एक लाल फडकं निघालं, एक लाल बादली. “चिमे! वो चिमे!” माणसं वळून पाहत होती. भाजीवाल्या बाईनं हात धरला. “एमैंदम्मा?” रंजीताला एक अक्षर सुचेना. तिनं जमिनीपासून मांडीएवढा हात दाखवला, डोक्यावर टोपी दाखवली, आणि रडायलाच लागली. बाई काहीतरी भराभर सांगत होती, बोट रस्त्याकडं दाखवत होती. रंजीताला वाटलं, ती म्हणते आहे बाजूला हो, गाडी येते. ती बाजूला झाली.

तेवढ्यात रस्त्याच्या बाजूनं गलका ऐकू आला. “पापा! पापा! एवरि पापा?” चार-पाच माणसं ओरडत होती.

कुणाचे तरी पप्पा हरवले असतील, तिच्या मनात आलं. देवा, इथं माझी पोर हरवली आणि जगाला आपापल्या बापाचं पडलंय! आणि ती त्या आवाजाकडं पाठ करून उलट्या दिशेनं, गल्लीच्या आत धावली.

आत कोंबड्यांची दुकानं होती. पुढं उघडी नाली होती. नालीत तिनं वाकून पाहिलं. नालीत पाहणाऱ्या मायच्या मनात काय असतं ते लिहून होत नाही.

“आई!” मागून मैत्रीची किंकाळी आली. ती धापा टाकत होती, केसात एक क्लिप तशीच अडकलेली. “इकडं कुठी जातेस? रस्त्यावर पापा पापा ओरडून राह्यले, ऐकू नाई येत काय तुले?”

“कोनाचे पप्पा?”

“पप्पा नाई वो आई! पापा म्हंजे लहान पोरगी! कोनाची पोरगी, कोनाची पोरगी, म्हनून राह्यले ते!”

दोघी धावल्या. धावता धावता मैत्री ओरडली, “जातांना काय म्हनलीस तू तिले?”

“आजीपाशी रा म्हनलं! अजून काय म्हनू?”

“रा म्हंजे ‘ये’ वो आई! तेलुगूत रा म्हंजे ये! तिले वाटलं तू बोलावून राह्यली!”

म्हणजे पोर आपल्याच शब्दामागं गेली. रंजीताला ठेच लागली, चप्पल निसटली, ती तशीच अनवाणी पळाली.

रस्त्याच्या कडेला माणसं जमली होती आणि सगळी समोर बोट दाखवत होती. दुभाजकावर, कण्हेरीच्या बुंध्याशी, लाल टोपी. गल्लीच्या गर्दीत माय दिसेना म्हणून ती रस्त्याकडं वळली असेल, पण अर्धा रस्ता ती कशी पार करून गेली होती कोण जाणे. इकडच्या बाजूनं ट्रकांची रांग सुटली होती, भोंगे वाजत होते, धाब्यातला एक पोरगा ट्रकांना हात करत होता, पण थांबतो कोण? चिमी तिथं उभी राहून ओठ काढून रडत होती.

आणि तिनं माय पाहिली.

आता सांगा, अशा वेळी माणसाच्या तोंडून कोणती भाषा निघते? आत्ताच ऐकलेलं सगळं रंजीताच्या डोक्यातून पुसलं गेलं. जिवाच्या आकांतानं, दोन्ही हात वर करून ती ओरडली:

“रा! तिथंच रा! चिमे, रा!”

चिमीचं रडणं थांबलं. तोंडभर हसू आलं. माय बोलावते आहे! तिनं एक पाय दुभाजकाखाली, रस्त्यावर टाकला.

“रा म्हनू नोको!” मैत्रीनं मायच्या तोंडावर हात दाबला, आणि चिमीला थांबवायला स्वतः असा आवाज काढला की द्वारकाबाईची नात शोभावी. “आगु! पापा, आगु! कूसो! चेतुलु कट्टुको!”

कापसाचा ट्रक आला. लांबलचक, भरलेला, ताडपत्री फडफडत. तो मधून जाईपर्यंत पलीकडचं काही दिसलं नाही. भोंग्यानं कान बधिर झाले. रंजीतानं डोळे मिटले नाहीत. तिला मिटताच आले नाहीत. ताडपत्रीतून निघालेला कापसाचा पुंजका हवेत तरंगत तिच्या तोंडासमोर आला आणि तो तिला आयुष्यभर दिसत राहणार होतं.

ट्रक गेला.

दुभाजकावर, कण्हेरीखाली, चिमी मांडी घालून बसली होती. हातांची घडी छातीवर, पाठ ताठ. अंगणवाडीत बसते तशी.

तोवर धाब्यावरची माणसं आणि तो पोरगा रस्त्यात आडवे उभे राहिले, एका ट्रकवाल्यानं ब्रेक मारला, आणि रंजीता कशी पलीकडं पोचली ते तिलाही आठवत नाही. तिनं पोरीला उचललं, छातीशी धरलं, टोपीत नाक खुपसलं. मारावं का मुके घ्यावे ते समजेना. तिनं एक धपाटा घातला आणि मग धपाट्याच्या जागीच मुके घेतले.

परत बाकावर आल्या तेव्हा द्वारकाबाई जमिनीवरच बसली होती, सुपाऱ्या इकडं तिकडं सांडलेल्या. मारोती पंक्चर काढून हसत हसत येत होता. बायकोचा चेहरा पाहून त्याचं हसू जागीच विझलं.

“काऊन? काय झालं?”

मैत्रीनं नुसतं रस्त्याकडं बोट दाखवलं. टप टप थेंब पडायला लागले. थंडीतले मोठे, बेमोसमी थेंब. गावाकडच्या दिशेला आभाळ काळं झालं होतं. सगळ्यांनी बुडीकडं पाहिलं. आता ही कापसाचं काढणार, आणि आज तिला कुणी उलटून बोलणार नव्हतं.

“भिजू दे,” द्वारकाबाई म्हणाली, आणि नातीच्या पायाची माती आपल्या पदरानं पुसत राहिली.

धबधबा राहिला. ऑटो परत घराकडं वळवायचं ठरलं. पण चिमी काही उठेना. मायच्या मांडीवर तिनं अजून हातांची घडी सोडली नव्हती. ती एकटक मायकडं पाहत होती, वाट पाहत.

“काय पायजे वो हिले?” मारोतीनं विचारलं.

मैत्री सांगायला तोंड उघडणार, तोच रंजीतानं हातानं तिला गप्प केलं. ती उठली. अनवाणी, चिखलाच्या पायांनी, पोरीला कडेवर घेऊन धाब्यात शिरली. गल्ल्यावरचा माणूस तेलुगूत काहीतरी विचारू लागला. रंजीतानं एकदा पोरीच्या घडी घातलेल्या हातांकडं पाहिलं.

“अन्ना,” ती म्हणाली, “गुड्डु.”

आणि चिमीनं घडी सोडून दोन्ही हात मायच्या गळ्यात टाकले.