गुडघ्याच्या उंचीवरचं दार

त्या घराला बाहेरून दार नव्हतं. म्हणजे असणारच, पण दिसत नव्हतं. कडी नाही, मूठ नाही, बेल नाही, नावाची पाटी नाही. एक लांबलचक पांढरी भिंत आणि तिच्यासमोर मी. छातीशी झोळीत माझी लेक ढब्बू, खांद्याला दोन पिशव्या, एकीत लॅपटॉप, दुसरीत डायपर. मी भिंतीवर टकटक केलं. जरा सरकून पुन्हा केलं. ढब्बूला वाटलं हा खेळ आहे, तिनेही भिंतीला एक सणसणीत चापट दिली. रस्त्याने जाणारे एक आजोबा थांबले आणि हळूच म्हणाले, "पोरी, घरी सगळं ठीक आहे ना?"

मी एका मासिकात लिहिते. काळे कपडे घालणाऱ्या आणि खुर्चीवर बसण्याआधी तिचा फोटो काढणाऱ्या तरुण मंडळींचं मासिक. त्यात एक पान माझं. महिन्यातलं एक नवं गाणं, एक नवी इमारत, एक नवी वस्तू. वाचकाने चारचौघांत "हे मी शोधलं" म्हणून सांगावं, इतपत नवं. माझ्या बाळंतपणाच्या लांबलेल्या रजेत ते पान आमच्या ऑफिसातल्या डूलवाल्याने सांभाळलं. एका कानात डूल घालतो म्हणून डूलवाला. त्याने ते जरा जास्तच चांगलं सांभाळलं. मी परत आले तेव्हा संपादिकाबाईंनी समोर बसवून सांगितलं, "हे घर तू कर. जमलं तर पान तुझं. नाही जमलं तर त्याचं. आणि हे बघ, बाळबीळ मध्ये आणायचं नाही. लेखात नाही, फोटोत नाही, कुठेच नाही."

मी आणणार नव्हतेच. पण नेमकी घर बघायला जायच्या सकाळी सासूबाईंची दाढ ठणकायला लागली, आणि नवऱ्याची मीटिंग अशी की तो उठला तर म्हणे जगाचा व्यवहार थांबेल. उरलं कोण? दीड वर्षाची ढब्बू आणि तिची आई.

शेवटी भिंतीचा एक तुकडा टक्‌ असा आवाज करून पुढे आला आणि त्यातून विस्कटलेल्या केसांची एक मुलगी डोकावली.

"अगं, तू शेजाऱ्यांचं गॅरेज वाजवत होतीस," ती म्हणाली. "ये ये. ही कोण? बाळ! दादाला झीट येणार."

ती संगीतकार. घर तिचं. तिने घराच्या भिंतींत बारीक माइक बसवून घेतले होते, आणि नळाची गुळगुळ, फ्रिजचं कण्हणं, पायाखालची फरशी असे आवाज जोडून गाणी केली होती. ती गाणी तरुण मंडळी डोळे मिटून ऐकत होती, म्हणून मी तिथे. घर बांधलं होतं तिच्या थोरल्या भावाने. तो मोठा आर्किटेक्ट. बाकी सगळे त्याला सर म्हणत. ती दादा म्हणायची, आणि तिचं ऐकून मीही मनात दादाच म्हणायला लागले. तसं केलं की माणसाची भीती कमी होते.

दादा काळ्या शर्टात, काळ्या पँटीत, हातात पांढरे मोजे घालून उभा होता. ढब्बूकडे त्याने असं पाहिलं, जसं एखाद्याने त्याच्या दिवाणखान्यात ओली छत्री उघडी टाकावी.

"ती काही धरत नाही ना?" त्याने विचारलं.

"फक्त हातात येईल ते," मी म्हणाले.

घराचा मुख्य चमत्कार म्हणजे आतली भिंत. घराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसंध, गुळगुळीत, पांढरी. तिच्याआड स्वयंपाकघर, न्हाणीघर, कपाटं, सगळा संसार. योग्य ठिकाणी दाबलं की टक्‌ आवाज होतो आणि फळी उघडते. योग्य ठिकाण कोणतं, ते भिंत सांगत नाही.

"मूठ लावली की माणूस मुठीकडे बघतो," दादा म्हणाला. "मला माणसाने भिंतीकडे बघायला हवं होतं."

"बघते ना," बहीण म्हणाली. "रोज सकाळी पोट धरून बघते, न्हाणीघर कुठेय म्हणून. आणि यातल्या निम्म्या फळ्या खोट्या आहेत, बरं का. त्या उघडतच नाहीत."

"त्या लयीसाठी आहेत."

"लयीसाठी माझी नखं तुटली. मी खुणेला टिकल्या चिकटवल्या होत्या, त्या यानेच उपटल्या."

"घर बिघडत होतं."

"मी बिघडत होते रे, दादा!"

मी हसू दाबून टिपणं घेत होते. लेख आपोआप बनत होता. डूलवाल्याला आज नक्की उचकी लागणार असं मला वाटलं.

मग आमच्या मासिकाचा फोटोवाला आला आणि कामाला लागला. आमच्या मासिकाची एक रीत आहे: घराच्या फोटोत माणूस चालत नाही. माणूस सोडा, चप्पलही चालत नाही. बाईंचं म्हणणं असं की दुसरं कुणी दिसलं की वाचकाला तिथे स्वतःला बसवता येत नाही. त्यामुळे फोटोवाला ओरडला, "सगळ्या फळ्या बंद पाहिजेत! भिंत सलग हवी!" आणि दादा मोजे घातलेल्या हातांनी भिंतीच्या कडेकडेने निघाला. इथे दाब, तिथे दाब. नजर फक्त फटींवर.

मला बहिणीने एका तिपाई स्टुलावर बसवून कानांवर हेडफोन चढवले, नवं गाणं ऐकायला. स्टूलही दादाचंच. त्यावर बसलं की आपण आयुष्यात काय चुकलो ते आठवतं. ढब्बूला मी झोळीतून उतरवलं आणि तिच्या मुठीत एक बिस्किट दिलं. लोण्याचं, चांगलं तेलकट. ती माझ्या पायाशी बसली. गाण्यात फ्रिज कण्हत होता. खरंच छान होतं. मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा फोटो निघाला होता. भिंत झोपलेल्या माणसाच्या पाठीसारखी शांत होती. फोटोवाला कॅमेऱ्याच्या पडद्यावर खूश होता. दादाने छातीवर हात ठेवला.

"काय शांतता आहे!" तो म्हणाला.

लहान मूल असलेल्या बाईला शांततेसारखी भीतिदायक गोष्ट दुसरी नाही. मी पायाशी पाहिलं. तिथे बिस्किटाचा चुरा होता. ढब्बू नव्हती.

"ढब्बू?"

स्टुलाखाली नाही, पिशवीमागे नाही. बाहेरचं दार बंद. मग आम्ही चौघांनीही एकाच वेळी दादाने नुकत्याच बंद केलेल्या भिंतीकडे पाहिलं. मला खात्री आहे, इतक्या मन लावून त्या भिंतीकडे त्याआधी कुणी पाहिलं नसेल.

"उघडा," मी म्हणाले. "सगळ्या उघडा."

दादाने दाबलं. खोटी फळी. पुढची दाबली, फरशी पुसायचा दांडा त्याच्या खांद्यावर आडवा झाला. पुढची, वॉशिंग मशीन. पुढची खोटी, त्यापुढचीही खोटी.

"अहो, तुम्हीच बांधलंय ना?"

"कागदावर मला सगळं कळतं!" दादाचा आवाज चिरकला. "कागद ऑफिसात आहे. आत हवा येते, घाबरू नका. आणि आतून ढकललं की उघडतं."

"मग ती ढकलत का नाही?"

"तिला बाहेर यायचं नसेल," बहीण म्हणाली. मी तिच्याकडे असं पाहिलं की ती गप्प झाली. लगेच ती वळली आणि आपल्या रेकॉर्डिंगच्या टेबलाकडे धावली. "माइक! थांब. माइक आहेत ना."

तिने एकेक बटण सरकवलं. मोठ्या स्पीकरमधून नळ गुळगुळला. फ्रिज कण्हला. मग सगळं घर भरून आवाज आला: कुरुम. कुरुम. कुरुम. आणि मधूनच एक लांब, समाधानी "हूंऽऽ".

ढब्बू पोट भरत आल्यावर असंच गाते. ते गाणं माझ्या कानाशी, मांडीवर, अंथरुणात मी शेकडो वेळा ऐकलंय, पण खोलीएवढं मोठं कधीच नाही. मी होते तिथेच खाली फरशीवर बसले.

खाली बसले म्हणून दिसलं. उभ्या माणसाच्या गुडघ्याच्या उंचीवर, त्या पांढऱ्याशुभ्र भिंतीवर, लोण्याचा एक तेलकट पंजा उमटला होता. पाची बोटं, आणि मध्ये बिस्किटाचे दोन कण.

"इथे," मी म्हणाले.

दादा आला. काळ्या पँटीसकट गुडघ्यांवर बसला. क्षणभर त्याचं बोट त्या डागापाशी अडलं. मग त्याने मोजा काढला आणि उघड्या हाताने बरोब्बर त्या पंज्यावर दाबलं.

टक्‌.

आत, अंधाऱ्या कपाटात, मोठमोठ्या गुलाबी फुलांच्या कापडाची एक जुनी हातांची खुर्ची होती. तिच्यात महाराणीसारखी रेलून ढब्बू उरलेलं बिस्किट खात होती. आमची वरात पाहून तिला फारसं नवल वाटलं नाही. तिने बिस्किट पुढे केलं. दादाला.

मी तिला उचलून इतकं घट्ट धरलं की तिने माझ्या कानात निषेध नोंदवला.

"अय्या, इथेय होय ही!" बहीण किंचाळली. ती खुर्चीबद्दल बोलत होती. "किती शोधली मी!"

दादा अजून गुडघ्यांवरच होता. "ही आईची खुर्ची. तू टाकून दिलीस म्हणालीस."

"तू टाक म्हणालास. माझा जीव होईना. म्हणून कपाटात लपवली. मग कपाटच सापडेना."

"या घरात ती शोभत नाही."

"आई तरी कुठे शोभली असती? तिने पहिल्याच दिवशी भिंतीला खिळा ठोकला असता."

दादा उठला, वळला आणि हळूच त्या खुर्चीत बसला. खुर्ची करकरली. माइक चालूच होता, त्यामुळे सगळं घर करकरलं. त्याने डोळे मिटले आणि दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले.

"हलू नकोस," बहीण कुजबुजली. "नाही, हल. मी रेकॉर्ड करतेय."

दुसऱ्या दिवशी संपादिकाबाईंचा फोन आला. ढब्बू झोपली होती, म्हणून मी न्हाणीघरात बसून दबक्या आवाजात बोलत होते.

"भिंतीचा फोटो अप्रतिम आहे," बाई म्हणाल्या. "पण खाली कोपऱ्यात डाग आहे बघ. पुसायला सांगते."

आता "हो" म्हटलं असतं तर पान माझं होतं. मला ठाऊक होतं. लेखही तयार होता, बाळाशिवायचा, चकाचक. तो वाचताना मलाच स्वतःला तिथे बसवता येत नव्हतं.

"पुसू नका," मी म्हणाले. "तो डाग नाही, दार आहे. दुसरा लेख पाठवलाय. तो वाचा."

बाईंनी तो तिथेच उघडला असावा, कारण बराच वेळ फक्त श्वास ऐकू आला. मग एक हुंकार, आणि मग चक्क फिसकन हसणं.

"मी तुला काय सांगितलं होतं?"

"बाळबीळ नको."

"आणि तू पहिल्याच ओळीत बाळ घातलंस."

"दुसऱ्या ओळीत. पहिल्या ओळीत बिस्किट आहे."

"छापते," बाई म्हणाल्या. "डागासकट. फोटोत माणूस नाही, म्हणजे नियम मोडला नाही, असं मी स्वतःला सांगेन. आणि डूलवाल्याला तूच सांग, मला त्याचा चेहरा बघवणार नाही."

आठवड्याने बहिणीचा निरोप आला. दादा फडकं घेऊन आला होता. तिने ते त्याच्या हातातून काढून घेतलं. आता तिला न्हाणीघर बरोबर सापडतं, पंज्याच्या डावीकडची तिसरी फळी. दादा रोज संध्याकाळी येतो आणि भिंतीची पाहणी करायची आहे म्हणून कपाटात जाऊन बसतो.

आमच्या घराच्या भिंतींना पोपडे आले आहेत, आणि त्यांच्याआड काहीही नाही. पण ढब्बू आता दिसेल त्या भिंतीपाशी जाते, हात टेकून जोर लावते आणि वाट बघते. कधी पलंगाजवळ, कधी जिन्यात, कधी पाहुण्यांसमोर.

मग मी हातातलं काम सोडते, तिच्यामागे उभी राहते आणि जिभेने "टक्‌" असा आवाज काढते.

ती वळून हसते, आणि सरळ आत आल्यासारखी माझ्या अंगावर येते.