तपकिरी वलय

सन १९९३, फेब्रुवारीची नऊ तारीख, मंगळवार, सकाळचे साडेदहा. मुक्काम भिलाई, जिल्हा दुर्ग, मध्यप्रदेश. नेहरू नगरात डॉ. वसुंधरा काळमेघ यांच्या पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत देवराव सावरबांधे, वय सत्तावन्न, यांनी स्वतःच्या प्रोस्टेटच्या कॅन्सरविरुद्ध तोंडी हरकत नोंदवली.

हरकत घेणे हा त्यांचा पेशाच होता. पोलाद कारखान्यात एकतीस वर्षे सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून त्यांनी पोलादाचे तुकडे नापास केले होते, आणि रिसालीच्या घरी परतल्यावर तोच न्याय ते वरणाला लावीत. या खेपेला मात्र प्रकरण वरणाचे नव्हते. येत्या शुक्रवारी सर्जन त्यांची दोन्ही वृषणे काढणार होते. त्या दोघांचा स्राव कॅन्सरला खुराक पुरवतो, असे सर्जनचे म्हणणे.

"आता या वयात कोणता उजेड पाडून राहिले ते दोघं?" शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी रत्नमालाबाई म्हणाल्या. "द्या काढून!"

"तुह्या बापाच्या घरून आणले काय?" देवराव गरजले.

डॉक्टरांनी घाईने त्यांच्या बायोप्सीच्या तुकड्याची काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. "काका, निरोगी ग्रंथीभोवती बाहेरून पेशींचा एक थर असतो. तुकडा रंगवायचं रसायन त्याला चिकटलं, की तपकिरी वलय दिसतं. कॅन्सरच्या ग्रंथीला तो थरच नसतो. तुमच्या ग्रंथींना वलय नाही."

"म्हणजे रंग दिसला तर गडी सुटला, नाही दिसला तर सापडला?"

"तसंच."

"अन् रंग चढलाच नसंन तर?"

रंगवण्याचे काम बाहेरगावच्या एका प्रयोगशाळेने केले होते आणि अहवालही तिचाच होता. देवरावांनी परवानगीची वाट न पाहता खुर्ची ओढली व चष्मा कपाळावर चढवला.

"आमच्याकडं नमुन्यासंगं एक खात्रीचा तुकडा तपासतो. तो बराबर निघाला, तरच नमुन्याची गोष्ट. तुमचा खात्रीचा तुकडा कुठं हाये?"

"त्याच काचेवर. डावीकडच्या मोठ्या, नागमोडी ग्रंथी निरोगी आहेत."

देवरावांनी काच सरकवली. डावीकडची एकेक ग्रंथी त्यांनी दोनदा तपासली.

"बाई, मंग याईले कावून वलय नाही?"

वसुंधराबाईंनी डोळा लावला. भिंग बदलून पुन्हा लावला. मग फोन जवळ ओढला. शुक्रवारचे ऑपरेशन पुढे ढकलले गेले आणि बायोप्सीचा उरलेला तुकडा नव्याने रंगवायला दुसऱ्या प्रयोगशाळेकडे रवाना झाला.

पुढचे अकरा दिवस देवरावांनी हा विजय दुधाच्या रांगेत, पानठेल्यावर आणि एका साखरपुड्यात मुलीच्या मामांना, अवयवांच्या नावांसकट, सविस्तर सांगितला. लोक हसले, मामा उठून गेले. परंतु खात्रीचा तुकडा चुकला तर नापास होते ती चाचणी, पोलाद त्याने पासही होत नाही की नापासही, हे नव्या भरतीला त्यांनीच आयुष्यभर शिकवले होते; आणि भिंतीकडे तोंड करून लघवीच्या एकेका थेंबाची आराधना करताना ते त्यांना नेमके आठवे.

वीस तारखेला वसुंधराबाईंनी नवी काच लावली, अहवाल पाकिटातच ठेवला आणि खुर्ची त्यांना दिली. "आधी तुम्ही पाहा, काका."

डावीकडे प्रत्येक नागमोडी ग्रंथीभोवती तपकिरी वलय होते, सोनाराने बसवावे तसे. रंग उत्तम चढला होता. देवरावांनी काच उजवीकडे सरकवली. तिथे लहान लहान ग्रंथी दाटीवाटीने भरल्या होत्या, आणि एकीलाही वलय नव्हते. त्यांनी तो भाग एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तीनदा तपासला.

"काय दिसून राहिलं?" रत्नमालाबाईंनी विचारले. आवाजात टोमणा नव्हता.

देवरावांनी चष्मा खाली घेतला.

"टेस्ट बराबर झाली," ते म्हणाले. "कॅन्सर हाये."