खाचेवर पाय ठेवू नका

मी एक जुनी दगडी पायरी आहे. जुन्या शहरातल्या एका पायऱ्यांच्या चढाच्या गल्लीत, बंद पडलेल्या खानावळीच्या दाराशी बसले आहे. मित्रांनो, तक्रार करत बसायचा माझा स्वभाव नाही, पण या गाईडचं करावं तरी काय? रोज सकाळी दहाला पंधरा-वीस पाहुण्यांचा घोळका घेऊन येतो, माझ्या अंगावरच्या खाचेत खुशाल बूट रोवतो आणि सांगतो, "इथे सेनापतीने लढाईला निघताना तलवारीला धार लावली!" पाहुणे माना डोलावतात. एवढी खोल खाच एका तलवारीने पडते होय? दगड आहे मी, लोणी नव्हे.

पाथरवटाने मला घडवलं तेव्हा मी पाटासारखी सपाट होते. मग खानावळवाली बाई आली. कारखान्यातल्या साठ माणसांचा स्वयंपाक तिच्या एकटीच्या अंगावर. उजाडलं की ती दारात बसायची आणि भाजीची सुरी माझ्यावर घासायची. तिची धाकटी लेक पेल्यातून थेंब थेंब पाणी सोडायची. लेकीला सक्त ताकीद होती, "खाचेवर पाय ठेवायचा नाही. खडा बसला की धार गेली." पुढे गल्लीतल्या साऱ्या बाया आपापल्या सुऱ्या घेऊन येऊ लागल्या. काय भाव होता मला तेव्हा! चाळीस वर्षांनी बाई गेली, लेक सासरी दूर गेली आणि माझ्या वाट्याला शेवाळ आलं.

मित्रांनो, जुन्या दगडाला हात लावून बघावं, कुणाच्या कष्टाने झिजलाय ते विचारावं. नुसतं उभं राहून फोटो काढू नये.

परवा कडाक्याची थंडी होती. गाईडने कागदातून पितळी पाटी काढून पाहुण्यांना दाखवली. तिच्यावर तलवार कोरलेली. "उद्या गवंडी येऊन ही इथे बसवणार," तो म्हणाला. आता झालं! पितळेवरचं खोटं कोण खोडणार?

घोळका माझ्यावरून वर चढला. शेवटी एक म्हातारी आली, कानाला मफलर गुंडाळलेली. तिने पाय उचलला आणि खाच चुकवून अगदी कडेला टेकवला. मी तिला तिथेच ओळखलं.

तिने हातमोजे काढले, गुडघे टेकले, खाचेतून अंगठा फिरवला. पिशवीतून फळं कापायची सुरी काढली.

पाटी गुंडाळत मागे थांबलेल्या गाईडला ती म्हणाली, "बाटलीतलं पाणी सोड रे. थेंब थेंब."

गाईडने गोंधळून पाणी सोडलं. सुरी खाचेत अशी बसली, जसं मांडीवर मूल. सर्र सर्र आवाज गल्लीभर गेला. किती वर्षांनी!

"आजी, तुम्हाला हे कसं माहीत?"

"माझ्या आईने पाडलीय ही खाच. तेव्हा पाणी मी सोडायचे."

गाईड डोकं खाजवत उभा राहिला. सवयीने त्याचा बूट पुन्हा खाचेत गेला. "पण आजी, पाटी तर तयार झालीय. आणि तलवार म्हटलं की लोक थांबतात हो."

म्हातारीने सुरी पुसून पिशवीत ठेवली.

"माझ्या आईने रोज साठ माणसं जेवू घातली. त्यासाठी कुणी थांबणार नसेल तर जाऊ दे त्याला पुढे. पाटी परत ने आणि सुरी कोरून आण. पण त्याआधी तो पाय काढ खाचेतून!"